टेलच्या गावाला इंटरनेट कधी मिळणार?

'अमर्याद' या शब्दाचा मराठीत एकच अर्थ होतो. ज्याला मर्यादा नाही ते अमर्याद. पण इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरातीत 'अमर्याद डेटा' हे शब्द मोठ्या अक्षरात असतात आणि खाली, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरात, महिन्याला १००० जीबीची मर्यादा छापलेली असते. मर्यादा संपल्यावर वेग किती उरणार, ते त्याच्याही खाली. वकिली करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. करारातला खरा करार बारीक अक्षरातच लिहिलेला असतो. मोठ्या अक्षरांवर सह्या करणारे फसतात आणि आपला समाज आजवर मोठ्या अक्षरांवरच सह्या करत आला आहे.

हा विषय चैनीचा राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, स्पर्धा परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. शेतकऱ्याने २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी बांधावरून पिकाचा फोटो मोबाईलने पाठवायचा. ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याच्या मुलाचा अर्ज शेवटच्या रात्री अडकतो आणि वर्ष वाया जाते. म्हणून घरगुती इंटरनेटचा प्लॅन निवडताना भाजी घेताना करतो तेवढा तरी हिशेब आपण केला पाहिजे.

आता नवा प्रकार आला आहे तो तारेविना घरगुती इंटरनेटचा. त्याला 'एअरफायबर' म्हणतात. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तार येत नाही. छतावर किंवा भिंतीवर एक यंत्र बसते, ते टॉवरवरून ५जीचा सिग्नल पकडते आणि घरात वाय-फाय देते. एअरटेलने ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत सुरू केली, जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी आठ महानगरांत. सुरुवात कुठून झाली ते पाहा. जिथे आधीच तार पोचली होती, तिथूनच.

त्या वेळचे दर उदाहरणादाखल घेऊ. जिओचा सर्वांत खालचा प्लॅन महिन्याला ५९९ रुपये, वेग ३० एमबीपीएसपर्यंत. एअरटेलचा ७९९ रुपये, वेग १०० एमबीपीएसपर्यंत. वरवर पाहता दोनशे रुपयांचा फरक. पण दोन्हीकडे एका महिन्याचे पैसे देऊन काम भागत नव्हते, किमान सहा महिन्यांचे भरायचे होते. जिओचे सहा महिन्यांचे ३,५९४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वर्षाचा प्लॅन घेतला नाही तर यंत्र बसवण्याचे १,००० रुपये. एकूण सुमारे ५,२४१ रुपये. एअरटेलचे सवलतीनंतर सहा महिन्यांचे ४,४३५ रुपये, जीएसटी धरून सुमारे ५,२३३ रुपये, शिवाय परत मिळणारी २,५०० रुपयांची अनामत. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत दोन्हींचा महिन्याचा खर्च ८७२-८७३ रुपयांवर येऊन थांबतो! जाहिरातीतला दोनशेचा फरक गेला कुठे? तो बसवणीच्या खर्चात विरला. उलट पहिल्या दिवशी खिशातून काढायची रक्कम एकीकडे सव्वापाच हजार, तर दुसरीकडे पावणेआठ हजारांच्या आसपास. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला दरमहाच्या दरापेक्षा ही पहिल्या दिवसाची रक्कमच अडवते. त्यानंतर दर आणि प्लॅन बदलत गेले आहेत, पुढेही बदलतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. कर धरा, बसवणी धरा, अनामत धरा, किती महिने बांधून घेतात ते धरा, मग महिन्यांनी भागा.

दुसरा हिशेब वेगाचा. '३० एमबीपीएसपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द कंपनीचा बचाव आहे. तेवढा वेग मिळेलच असे वचन त्यात नाही. शिवाय एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ३० एमबीपीएसला सेकंदाला पावणेचार एमबीच उतरतात. १० एमबीचे प्रश्नपत्रिकांचे पुस्तक तीन सेकंदांत येते. आता मर्यादा संपल्यानंतरचे पाहू. काही प्लॅनमध्ये वेग २ एमबीपीएसवर येतो. तेच पुस्तक चाळीस सेकंदांत उतरते, म्हणजे काम चालते. काही प्लॅनमध्ये मात्र तो ६४ केबीपीएसवर आपटतो. मग त्याच पुस्तकाला जवळपास एकवीस मिनिटे लागतात. फोटो आणि जातीचा दाखला जोडायचा अर्ज या वेगात मध्येच तुटतो. माझे म्हणणे असे की, मर्यादेनंतरचा वेग हाच प्लॅनचा खरा वेग समजावा. एजंटला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. "डेटा संपल्यावर किती?" हा विचारा आणि उत्तर लेखी मागा.

केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस ठरवला. या व्याख्येत ६४ केबीपीएस बसत नाही. ट्रायने तर ३१ ऑक्टोबर २०१६ लाच निर्देश दिले होते की, मर्यादा किती आणि नंतरचा वेग किती हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की कळवावे, आणि फिक्स्ड ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये. आता गंमत पाहा. एअरफायबरचे यंत्र भिंतीला ठोकलेले असते, ते घर सोडून कुठे जात नाही. पण ट्रायच्या आकडेवारीत ते 'वायरलेस'मध्ये मोजले जाते. घराच्या भिंतीवर फिक्स्ड, आणि हक्काची वेळ आली की वायरलेस? ही फट नियामकाने बुजवली पाहिजे आणि तशी मागणी आपल्या संघटनांनी लेखी केली पाहिजे.

एका घराला १००० जीबी पुरतात का? पुरतात. दिवसाला तेहतीस जीबी होतात. आपल्या घरांची अडचण वेगळीच आहे. आपण सारे मोबाईलच्या डेटावर जगतो. ३ जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपये झाला, आणि दुसऱ्या मोठ्या कंपन्यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. चार मोबाईलच्या घराला दर २८ दिवसांनी १,१९६ रुपये, वर्षाला साडेपंधरा हजारांहून अधिक. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलण्यासाठी आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज देणे बंधनकारक केले. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला ८४ दिवसांचे असे रिचार्ज साडेचारशेच्या आसपास मिळू लागले. म्हणजे २८ दिवसांना सुमारे दीडशे. चारही मोबाईल असे ठेवले तर सहाशे, आणि घरात ५९९ चा वायरलेस प्लॅन घेतला तर करासह ७०७. बेरीज तेराशेच्या वर जाते. आधीपेक्षा शंभरावर रुपये जास्त, आणि घराबाहेर पाऊल टाकले की इंटरनेट बंद. तेव्हा एकट्या गरीब घराला एअरफायबर स्वस्त पडते हा प्रचार खरा नाही. ते स्वस्त पडते वाटून घेतले तर.

हा सारा हिशेबही सिग्नल पोचतो असे धरून केलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले बोदलकसा घ्या. नागझिऱ्याच्या जंगलालगतचे गाव, इंग्रजी अमदानीत १९१७ साली बांधलेल्या तलावासाठी ओळखले जाणारे. ५जीच्या ज्या लहरी जास्त वेग देतात, त्या लांब जात नाहीत. टेकडी आणि दाट झाडी त्यांना अडवते, पावसात भिजलेली पाने आणखी अडवतात. अशा गावात एका घराला सिग्नल मिळेल आणि पलीकडच्या गल्लीला मिळणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी यंत्र छतावर धरून वेग मोजून दाखवा, हा आग्रह धरा. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-दर्जा नियमांनुसार कोणत्या भागात कोणता सिग्नल आहे याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर द्यायचे आहेत. ते नकाशे पाहा आणि ताडून घ्या.

तलाव आणि नहराखालची शेती करणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. तलाव भरला म्हणजे टेलच्या बांधीत पाणी आले असे होत नाही. हेडवाल्याचे रोवणे आटोपते तेव्हा टेलचा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. इंटरनेटचेही तसेच चालले आहे. महानगर हेडला आणि बोदलकसासारखी गावे टेलला. पण पाणीपट्टी मात्र टेलवालाही भरतो! दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम ग्रामीण आणि दुर्गम भागासाठीच्या निधीत जाते. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता तो 'डिजिटल भारत निधी' आहे. हा महसूल आपल्या रिचार्जमधूनच येतो. या निधीच्या बळावर गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तिचेच पुढे 'भारतनेट' झाले. २०२२ च्या जुलैत २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. कागदावर पाणी सोडले गेले आहे. ते आपल्या बांधीत किती आले, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते, आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजधोरण समितीपुढे त्यांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न उभा केला आणि देशाला स्वस्त, मुबलक व खात्रीची वीज हवी अशी भूमिका मांडली. स्वस्त, मुबलक आणि खात्रीची. आजच्या इंटरनेटला या तीन कसोट्या लावून पाहा. टेलच्या गावात तीनपैकी एकीला तरी ते उतरते काय?

कायदा आता आपल्या बाजूने बोलू लागला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा अंगभूत भाग ठरवला. आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या प्रकरणात स्पष्ट केले की, दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तिरोड्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही, गोंदियाच्या आयोगात जाता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. अनामत परत न देणे, सांगितलेला वेग न देणे, मर्यादा लपवणे या गोष्टी मुकाट सोसण्याचे कारण नाही. पावती, जाहिरातीचा कागद आणि वेगमापनाचे फोटो जपून ठेवा. पुराव्याविना खरी तक्रारही पडते.

आणि शेवटी सामूहिक मार्ग. घरगुती प्लॅन साधारणपणे त्या घरापुरताच असतो, तो गल्लीला विकणे कराराचा भंग ठरू शकते. पण डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत दुकान, वाचनालय किंवा आपल्या विहारातली अभ्यासिकाही परवाना शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र होऊ शकते. ट्रायने जून २०२५ मध्ये आदेश दिला की, २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा केंद्रांना घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाहीत. घरगुती प्लॅन करासह ७०७ रुपयांचा धरला, तर केंद्राला जास्तीत जास्त चौदाशेच्या आसपास. वीस घरांनी वाटून घेतले तर घरामागे सत्तर रुपये. एका रिचार्जच्या चौथ्या हिश्श्यात तीस मुले अभ्यासिकेत बसून अर्ज भरू शकतात, व्याख्याने ऐकू शकतात.

यासाठी फायबर गावात जिवंत असायला हवे. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न ठेवा. ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी केव्हा आली? ती आज चालू आहे काय? अभ्यासिकेला ती केव्हा देणार? उत्तर मिळाले नाही तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. जे उत्तर येईल ते विहारातल्या फळ्यावर लावा. टेलचा शेतकरी एकटा ओरडला तर पाणी येत नाही. सारे टेलवाले मिळून गेटवर गेले की येते.