दुबळेपणा नव्हे, चुकलेली पारख

पावसाळा सुरू झाला की आमच्या बेळगाव-निपाणी भागातील वर्गावर्गांतून शिंका ऐकू येऊ लागतात. काही मुलांना रात्री धाप लागते, सकाळी ती डोळे चोळीत शाळेत येतात. अशा मुलाविषयी घरी व शाळेत एकच निवाडा झालेला असतो : ‘पोर नाजूक आहे.’ मुलगी असेल तर तिचा दमा चारचौघांत कळू नये म्हणून औषधसुद्धा लपवून ठेवले जाते. हा निवाडा अन्यायाचा आहे आणि शास्त्राच्या कसोटीवरही तो टिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून जाताना खकाणा नाकात गेला की कोणीही शिंकतो. तो त्या भुकटीच्या उग्रपणाचा परिणाम होय. घरातील धुळीचे तसे नाही. एकाच वाकळीत निजणाऱ्या दोघा भावांपैकी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचे नाक वाहू लागते. धूळ एकच, मग भेद कोठे? भेद आहे तो शरीराच्या पारखीत.

1964 साली हॉलंडमधील लायडन येथे व्होरहॉर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, घरातील धुळीच्या उपद्रवाचे मोठे कारण धुळीतील एक सूक्ष्म जीव आहे. त्याला धूलिकीटक म्हणू. हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, लांबी सुमारे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आपल्या त्वचेचे गळून पडलेले कण हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही. हवेतील ओलावाच शोषून घेतो. म्हणूनच मृगापासून दसऱ्यापर्यंतची आमची दमट घरे व जाड वाकळी त्याला मानवतात. तो चावत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. त्यांपैकी एक प्रथिन तर श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींचे सांधेच सैल करते.

पुढची हकिगत टी-पेशींची. या पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरून त्यांना हे नाव पडले. 1961 साली जाक मिलर यांनी या ग्रंथीचे महत्त्व सिद्ध केले. नवल असे की टी-पेशी धूलिकीटकाला किंवा त्याच्या अखंड प्रथिनालाही कधी ओळखत नाही. श्वासमार्गातील पहारेकरी पेशी ते प्रथिन गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि एकेक तुकडा शरीराच्या स्वतःच्या रेणूवर ठेवून टी-पेशीपुढे धरतात. ज्या टी-पेशीचा साचा त्या तुकड्याशी जुळतो, तीच जागी होते. बहुतेकांच्या शरीरात अशा वेळी शांतता राखली जाते. काहींच्या शरीरात मात्र टी-पेशी त्या निरुपद्रवी तुकड्यास शत्रू समजते आणि दुसऱ्या पेशींकरवी ‘आय-जी-ई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करविते. ती नाकातील व फुफ्फुसातील विशिष्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुन्हा धूळ आली की या पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये सोडतात; मग शिंका, खाज, धाप. ही ओळख शरीर वर्षानुवर्षे विसरत नाही.

यात दुबळेपणा कोठे आहे? पहारा जागा आहे, जोरकस आहे. पारख तेवढी चुकली आहे.

‘धुळीत लोळल्यानेच अंग कणखर होते,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. गुराढोरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांत अशा तक्रारी कमी आढळतात, असे युरोपातील संशोधकांनाही दिसून आले आहे. परंतु एकदा चुकीची ओळख पक्की झाल्यावर मुलाला धुळीत लोटणे हा उपाय नव्हे. मोजूनमापून अंश देत ही पारख सुधारण्याची चिकित्सा आहे. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी.

घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण वेदगंगेवर किंवा ओढ्यावर नेऊन धुण्याची आमच्याकडील चाल या दृष्टीने फार मोलाची आहे. धुण्याने ती प्रथिने निघून जातात. कडक उन्हाने कीटक वाळून मरतात. मात्र वर्षातून एकदा हे पुरेसे नाही. उघडीप मिळेल तेव्हा वाकळी उन्हात टाकाव्यात, चादरी व अभ्रे आठवड्याला कढत पाण्यातून काढावेत, ओल्या फडक्याने जमीन पुसावी. आणि वाकळ झटकण्याचे काम दम्याच्या मुलावर सोपवू नये. डॉक्टरांनी दिलेला फवारा त्याने चारचौघांत, निःसंकोच घ्यावा. चष्म्याची लाज नाही, मग याचीच का?

आमची घरची बोली कोंकणी. राहणे या मराठी-कानडी सीमेवर. एखाद्या उच्चारावरून माणूस आपला की परका हे ठरविण्याची घाई येथे नित्य दिसते. एका शिंकेवरून मुलाला नाजूक ठरविणे ही त्याच जातीची घाई होय. टी-पेशीला तुकड्यावरूनच निवाडा करावा लागतो, तिला दुसरा मार्ग नाही. आम्हांस तो आहे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या शिंकणाऱ्या सोबत्याला न हसता खेळात सामील करून घ्यावे आणि पालकांनी त्याचे औषध कोनाड्यात न लपविता त्याच्या दप्तरात ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.