मुंबई बरी की पुणे बरे?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो, "पुढे काय?" आणि बारामती-इंदापूरकडच्या विद्यार्थ्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते, "पुण्याला जाणार." तेथे जाऊन काय करणार, हे पुष्कळदा ठरलेले नसते, पण जायचे ते पुण्याला, हे मात्र पक्के असते. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून थोडे अधिक. सकाळची एसटी धरली की दुपारच्या आत स्वारगेट. शनिवारी गावी येता येते, एसटीतून डबा पाठवता येतो, आणि कोणाचा ना कोणाचा मामा हडपसरला नाहीतर कात्रजला राहत असतोच. अशा वेळी मुंबईचे नाव काढले की वडीलधारी मंडळी म्हणतात, "पुणं असताना मुंबई कशाला गं?"

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा जरा गंभीरपणे विचार करावयाचा आहे. मुंबई-पुण्याची तुलना हा आपल्या मराठी माणसांचा जुना छंद. पुणेरी पाट्या, दुपारची झोप, मुंबईकरांची धावपळ यांवरचे विनोद आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. त्यांची येथे पुनरुक्ती करीत नाही. शिवाय अशी तुलना बहुधा त्या त्या शहरात स्वतःचे घर असलेली माणसे करतात. त्यांना हवा, शांतता, बागा, नाट्यगृहे यांचा हिशेब मांडता येतो. आपली गोष्ट निराळी आहे. आपल्याकडून जो जातो तो एक पिशवी, एक वळकटी आणि घरून महिन्याला येणारे मोजके पैसे एवढ्यावर जातो. तेव्हा आपली कसोटी अशी असावी की, रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला कोणते शहर लवकर स्वतःच्या पायावर उभे राहू देते? या कसोटीवर माझे मत मुंबईच्या बाजूने पडते. ते अनेकांना रुचणार नाही याची जाणीव आहे, म्हणून कारणे सविस्तर देते.

प्रथम पुण्याचे जे श्रेय आहे ते त्याला दिलेच पाहिजे. शिकण्यासाठी पुण्यासारखे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. गरीब विद्यार्थ्याला आधार देण्याची परंपरा तेथे जुनी आहे. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली व खेड्यांतील कितीतरी मुलामुलींच्या राहण्याजेवणाची सोय झाली. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठातील 'कमवा आणि शिका' योजनेने अनेकांचे शिक्षण पुरे केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला भारत इतिहास संशोधक मंडळ, संस्कृतच्या विद्यार्थ्याला भांडारकर संस्था, आणि दोघांनाही मंडईजवळ जुनी पुस्तके. एम. ए. करावयाचे असेल तर खुशाल पुण्याला जावे, याबद्दल माझा वाद नाही.

प्रश्न उभा राहतो तो शिक्षणानंतर. पुण्याची अलीकडील वाढ ज्या उद्योगांनी केली ते पाहा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पाठोपाठ मोटारींचे कारखाने आले आणि पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. या साऱ्यांना मुख्यतः अभियंता हवा असतो, नाहीतर आयटीआय झालेला कामगार. मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्याने तेथे करावे काय? मग तो सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉटबेसिसवर राहतो, अभ्यासिकेत जागा घेतो आणि स्पर्धा परीक्षेला बसतो. ११ मार्च २०२१ रोजी राज्यसेवेची परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर उतरलेली मुले सबंध महाराष्ट्राने पाहिली. कोणत्या गल्ल्यांत आपली किती तरुण वर्षे बसून आहेत, हे त्या दिवशी दिसले. परीक्षा देणे वाईट असे माझे म्हणणे नाही. परंतु दोन वर्षांची चार आणि चारांची सहा होतात, त्याला पुण्याचे जवळ असणे कारण होते. डबा येत राहतो, उसाचे बिल आले की पैसे येत राहतात, सणाला घरी जाता येते. गाव सुटत नाही आणि शहर लागत नाही. पुणे आपल्याला पोसते असे आपण म्हणतो, पण या वर्षांत आपल्याला पुण्यात पोसत असते ते आपले घरच.

मुंबईला जाणाऱ्याला ही सोय नाही, आणि माझ्या मते हेच त्याच्या फायद्याचे आहे. पहिल्या महिन्यापासून त्याला काहीतरी काम धरावे लागते. आणि काम मिळते. बँका, विमा कंपन्या, न्यायालये, वृत्तपत्रे, दूरदर्शन मालिका, भाषांतर, दुकाने, रुग्णालये, बंदर, मंत्रालय असा कामांचा इतका विविध पसारा दुसऱ्या कोणत्या मराठी शहरात आहे? तेथे अर्धे शिकलेल्यालाही काम असते आणि जास्त शिकलेल्यालाही.

दुसरे कारण वाहनाचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून मुंबई रुळांच्या कडेने वाढत गेली. आज लोकलने रोज ६० लाखांहून अधिक माणसे ये-जा करतात. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास काढला की कल्याणला राहून चर्चगेटला शिकता येते. साहेब आणि शिपाई एकाच फलाटावर उभे असतात. पुणे मात्र दुचाकीवर वाढले. तेथील बससेवेवर प्रामाणिकपणे विसंबणाऱ्याचा दिवस थांब्यावर जातो. मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, म्हणजे मुंबईच्या पहिल्या आगगाडीनंतर १६९ वर्षांनी. २०१८ सालीच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. याचा साधा अर्थ असा की, ज्याच्याकडे गाडी नाही तो पुण्यात अर्धाच नागरिक आहे. आपल्याकडील किती वडिलांनी मुलाला पुण्याला धाडताना कर्ज काढून दुचाकी घेऊन दिली, हे वर्गात विचारून पाहावे.

तिसरे कारण मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडील मुलीला पुण्याला पाठवतात ते ओळखीच्या डोळ्यांखाली राहील म्हणून. ती डेक्कनवर कोणाबरोबर चहा प्याली, ही वार्ता संध्याकाळच्या एसटीने इंदापुरात पोचते! मुंबईत कोणाला कोणाकडे पाहायला सवड नाही. याला कोणी कोरडेपणा म्हणेल. मी त्याला मोकळीक म्हणते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली. बायकांच्या डब्यात रात्री दहा वाजता भाजी निवडत घरी जाणाऱ्या स्त्रिया हे तेथे रोजचे दृश्य आहे, आणि त्यांना "इतका उशीर का?" असे विचारायला नाक्यावर कोणी बसलेले नसते. येथे एक गोष्ट आठवते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते पुण्यात. पण १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईला हलले. तसेच 'दीनबंधू' पत्राचे. १८७७ मध्ये ते पुण्यात निघाले, १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले, आणि त्याच लोखंड्यांच्या प्रयत्नाने १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. विचार पुण्यात जन्मावा आणि त्याला माणसे मुंबईत मिळावीत, असे वारंवार घडलेले दिसते.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमातील नावेही या दृष्टीने तपासून पाहावीत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला गेले. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले. 'बलुतं' (१९७८) लिहिणारे दया पवार यांचे बालपण मुंबईच्या कावाखान्यात गेले. नामदेव ढसाळ तर आपल्याच पुणे जिल्ह्यातील, खेड तालुक्यातले. पुणे त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होते, पण वडिलांच्या कामापायी कुटुंब मुंबईला गेले आणि 'गोलपिठा' तेथे लिहिला गेला. ही माणसे मुंबईत सुखात राहिली असे नव्हे, हालच झाले. परंतु ज्याच्या मागे वाडा नाही, शिफारस नाही, त्याच्याही हातात लेखणी टिकू शकली ती या शहरात.

आता विरुद्ध बाजू. मुंबईत राहायचे कोठे? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत. लोकलखाली येऊन आणि लोकलमधून पडून दर वर्षी दोन हजारांवर माणसे मरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहर बुडाले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जण गेले. खोली शोधताना आडनाव आणि आहार विचारून दार लावणारे जसे पुण्यात आहेत तसे मुंबईतही आहेत. हे सारे जमेस धरूनच मी बोलत आहे. मुंबई राहायला कठीण आहे, यात शंकाच नाही.

तथापि हाच प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीने कसा सोडवला होता? घाटावरच्या कितीतरी गावांची परळ-लालबागच्या चाळीत एकेक खोली असे. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे, आणि जेवायला खाणावळ. खाणावळ चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जागी उंच इमारती उठल्या. बहुतेक गावांच्या खोल्याही गेल्या. म्हणजे मुंबई जी आज आपल्याला परकी वाटते, तिचे कारण अंतरात नाही. मध्ये धरायला जो हात होता तो सुटला आहे.

पुण्याविषयी आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या तालुक्यांची आहे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी हवेली, दौंड करीत इंदापूरपर्यंत यायचे असते. पुणे वाढले, त्याची तहान वाढली, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या आवर्तनाची वाट पाहणे लांबत गेले. जे पाणी पुणे वापरते ते मात्र परत येते! मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. शहराचे सर्व सांडपाणी शुद्ध होऊन नदीत उतरते असे नाही. भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्याहून हौशी मंडळी येतात, पण त्यांच्या घरचे पाणी त्यांच्या आधीच तेथे पोचलेले असते. मुंबईही शहापूरच्या धरणांवर जगते आणि तेथील पाड्यांतल्या बायका डोक्यावरून पाणी आणतात. तेव्हा या बाबतीत मुंबई निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण पुण्यात राहणे सोपे व स्वस्त का वाटते, याचे एक कारण असे की, त्या खर्चाचा काही भाग आपल्या शेतांनी आणि आपल्या धरणाने भरलेला असतो. जे पुण्याला जातील त्यांनी हे ध्यानात ठेवून जावे, आणि तेथे मत द्यायची वेळ आली की नदीची आठवण ठेवावी.

तात्पर्य, शिकायला पुणे चांगले. कमवायला, विशेषतः कलाशाखेच्या मुलामुलींनी आपल्या बळावर उभे राहायला, मुंबई चांगली. परंतु नुसते मत मांडून उपयोग नाही. आपल्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी मुंबई, ठाणे, पनवेलकडे नोकरीला आहेत. त्यांनी वर्गणी काढून दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, एक मुलांसाठी व एक मुलींसाठी. पदवी घेऊन मुंबईला येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने तेथे जास्तीत जास्त सहा महिने राहावे, काम लागले की दुसऱ्यासाठी जागा सोडावी आणि पुढे आपणही वर्गणी द्यावी. गिरणीत काम करणाऱ्या, सही करतानाही अडखळणाऱ्या माणसांना जे जमले ते पदवीधरांना का जमू नये? प्राध्यापक मंडळींनी माजी विद्यार्थ्यांच्या पुढील मेळाव्यात हा विषय घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. खोल्या झाल्या, तर निदान एका तरी मुलीला घरी सांगता येईल की, मुंबईतही आपली माणसे आहेत.