सोंड्या भुंग्याची बाजू

पाणतणांवर परदेशी किडे सोडायचे म्हटलं की दोन आक्षेप हमखास निघतात. उद्या ते आमच्या पिकांवर उतरतील, हा एक. आणि हे करून झालंय, उपयोग होत नाही, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपासाठी ऑस्ट्रेलियातल्या केन टोडचा दाखला देतात. उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी 1935 साली आणलेला तो भेक दिसेल ते गिळत सुटला, हे खरंच. पण सर्वभक्षी प्राण्याचं पाप एकाच झाडावर जगणाऱ्या किड्याच्या माथी का मारायचं? जलपर्णीवरचा निओकेटिना हा सोंड्या भुंगा तिचीच पानं खरवडतो, त्याच्या अळ्या तिचेच देठ पोखरत गाभ्यात शिरतात, कोषही तिच्याच पाण्यातल्या मुळ्यांना बांधतात. भाता-उसाच्या रानात त्याचा संसार उभाच राहत नाही. चाचण्या कडक हव्यात, याबद्दल मात्र माझं दुमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोलात नेतो, कारण अपयश खरोखर आलं होतं. साल्विनिया या तरंगत्या नेच्याला शास्त्रज्ञ बरीच वर्षं त्याच्या जवळच्या भावंडाच्या नावाने ओळखत होते. म्हणून किडेही त्या भावंडावरून गोळा केले. 1971 साली बोट्सवानात सोडलेल्या भुंग्याने काही साधलं नाही. 1972 साली हा नेचा वेगळी जात ठरला, 1978 साली त्याचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं आणि तिथून आणलेल्या भुंग्याने 1980 पासून दीड वर्षाच्या आत ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा जलाशयातला हजारो टन नेचा संपवला. दिसायला हा भुंगा आधीच्या भुंग्यासारखाच होता. वेगळी जात म्हणून त्याला नाव मिळालं 1985 साली. पुढे केरळातले कालवेही त्यानेच मोकळे केले. तेव्हा हरली होती ती ओळख, पद्धत नव्हे.

आपल्याकडे निओकेटिना 1980 च्या दशकातच बंगळूरला आला. तरी नद्यांवर दर उन्हाळ्यात पोकलेन आणि तणनाशकाची फवारणी चालूच. फवारलेली जलपर्णी तिथेच कुजते, पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, मासे मरतात. पोकलेन तर जलपर्णीबरोबर भुंग्याच्या अळ्याही काठावर फेकतो. उरलेल्या रोपांना सांडपाण्याचं खत मिळतंच, चिखलातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. मग पावसाळ्यानंतर नवी चादर, आणि तिच्यावर भुंगा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मैलापाणी अडवा. आणि यंत्र लावाल तेव्हा भुंगे असलेला काठाचा एक पट्टा तसाच राखा.