कल्पित राज्यातील कायदा कोण करतो?



कादंबरीवर मत द्यावयास एखादा वकील उभा राहिला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : ही करमणुकीची वस्तू आहे, तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कशाला उभी करता? त्यातून ती जादूची, ड्रॅगनची, नाही तर प्रेमाची कादंबरी असली म्हणजे आक्षेप दुप्पट जोराने येतो. जे कधी घडलेच नाही त्याचा निवाडा तो काय करावयाचा? फडके-खांडेकरांच्या काळी 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद महाराष्ट्राने मनसोक्त घातला. त्या शिळ्या कढीला पुन्हा ऊत आणण्याची माझी इच्छा नाही. माझे म्हणणे निराळे आहे. कल्पित जगाची कादंबरी ही इतर कोणत्याही कादंबरीपेक्षा कमी नव्हे, अधिक जबाबदार असते.

ऐतिहासिक कादंबरीकाराला एक सबब असते. पेशवाईवर लिहिणारा म्हणू शकतो की, माणसाच्या गळ्यात मडके मी बांधले नाही, ते त्या काळाने बांधले. मी केवळ लिहिले. परंतु ज्याने डोंगर, नद्या, देव, राजे आणि आकाशातील चंद्रसुद्धा स्वतःच निर्माण केले, त्याच्या जगात जन्मावरून माणूस उच्च किंवा नीच ठरत असेल तर तो कायदा केला कोणी? तेथे विधिमंडळ तोच, राज्यपाल तोच आणि न्यायाधीशही तोच. रूढी, परंपरा, पूर्वजांचा वारसा यांतले काहीही त्याच्या आड येत नव्हते. म्हणून अशी कादंबरी हाती घेतली की मी दोनच प्रश्न विचारतो. हा अन्यायाचा कायदा लेखकाने कशासाठी केला? आणि कथेत तो मोडतो कोण?

हे साहित्य क्षुल्लक आहे असे समजून दूर सारण्याचे दिवस गेले. रेबेका यारोस ह्या अमेरिकन लेखिकेची 'ऑनिक्स स्टॉर्म' ही कादंबरी जानेवारी 2025 मध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या 27 लाखांहून अधिक प्रती खपल्या. माझ्या कचेरीत उमेदवारी करणारे तरुण वकील दाव्यांच्या कागदांखाली हीच पुस्तके दडवून वाचतात. ज्या पुस्तकांतून तरुण मनाला न्याय-अन्यायाची पहिली चित्रे मिळतात, ती वाचून पाहणे हे आपले काम आहे.

प्रथम घरचे पाहू. अमीश ह्या एकाच नावाने लिहिणाऱ्या लेखकाची 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' 2010 साली प्रसिद्ध झाली. तिला दीड दशक उलटले तरी आपल्याकडील पौराणिक कल्पनारम्य कादंबऱ्यांचा सारा बाजार तिच्याच पायावर उभा आहे, म्हणून तिला वगळून चालणार नाही. कथा वेगवान आहे, शिव हा तिबेटातून आलेला मोकळ्या मनाचा टोळीनायक म्हणून रंगविला आहे, आणि ज्यांनी कधी पुस्तक हाती धरले नव्हते अशा कित्येकांना ह्या लेखकाने वाचावयास लावले. हे श्रेय त्यास दिले पाहिजे.

पण त्याने केलेले कायदे पाहा. मेलुहा हे आदर्श राज्य. तेथे मुले जन्मतः आईबापांपासून दूर करून 'मयिका' नावाच्या सरकारी व्यवस्थेत एकत्र वाढवितात, पंधराव्या वर्षी त्यांची परीक्षा घेतात आणि त्या परीक्षेवरून प्रत्येकाचा वर्ण ठरवितात. वाचक म्हणतो, पाहा, जन्माचा संबंधच तोडला! मी म्हणतो, जन्म तोडला आणि वर्ण मात्र जपून ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याचा पुरस्कार करणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता : माणसाची योग्यता गुणांवरूनच ठरणार असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही नावे कशाला हवीत? त्यास उत्तर तेव्हा मिळाले नाही आणि मेलुहातही मिळत नाही. लेखकाला चार हजार वर्षांपूर्वीचे नगर मनासारखे बांधण्याची मुभा होती. त्याने गटारे बांधली, रस्ते आखले, आईबापांपासून मुले सोडविली. परंतु त्या चार पाट्या काही त्याच्याने उतरवल्या नाहीत.

आणि त्याच राज्यात 'विकर्म' आहेत. पूर्वजन्मीच्या पापामुळे ह्या जन्मी ज्यांच्यावर आपत्ती कोसळली असे मानले जाते ते लोक. त्यांचा स्पर्श झाला तर शुद्धीकरण करावे लागते. आपणांस हे ओळखीचे वाटले असेल. मात्र ह्या विकर्मांचे दुःख लेखक आपल्यासमोर कोणाच्या रूपाने उभे करतो? सम्राटाच्या कन्येच्या रूपाने! सती ही राजकन्या आहे, रूपवती आहे, तलवारबाज आहे आणि नशिबाने विकर्म ठरली आहे. अस्पृश्यतेबद्दल वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावयाचे तर ती राजवाड्यातच आणावी लागते काय? हातात झाडू असलेल्या बाईसाठी ते पाणी येत नाही म्हणून? आणि तो कायदा डळमळू लागतो तोही विकर्मांनी परिषद भरविली, सत्याग्रह केला, अर्ज केला म्हणून नव्हे. ज्याच्या आगमनाचे भाकीत होते तो निळ्या कंठाचा पुरुष आला आणि त्याचे त्या राजकन्येवर प्रेम बसले म्हणून. हक्क हे भाकिताप्रमाणे येणाऱ्या तारणहाराकडून मिळतात अशी ही शिकवण आहे. महाडला चवदार तळ्यावर 1927 साली जे लोक गेले ते कोणाच्या कंठाचा रंग बदलण्याची वाट पाहत थांबले नव्हते.

ह्याच्या अगदी उलट टोकाला मी एन. के. जेमिसिन ह्यांच्या तीन कादंबऱ्या ठेवतो : 'द फिफ्थ सीझन' (2015), 'द ऑबेलिस्क गेट' (2016) आणि 'द स्टोन स्काय' (2017). ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेला ह्यांसाठी 2016, 2017 व 2018 अशी लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो पारितोषिक मिळाले. सर्वोत्कृष्ट कादंबरीसाठी असे लागोपाठ तीनदा तोवर कोणालाही मिळाले नव्हते. वाचण्यास ह्या सोप्या नाहीत. कथेचा मोठा भाग 'तू' असे संबोधून सांगितला आहे, पहिली शंभर पाने वाचक चाचपडतो, आणि तिसऱ्या खंडात यंत्रतंत्राचे विवेचन जरा लांबते. पण धीर धरावा.

तिच्या जगात पृथ्वीच माणसाची वैरीण आहे. भूकंप आणि ज्वालामुखी यांनी संस्कृती पुनःपुन्हा गाडली जाते. तेथे माणसाच्या नावातच त्याचा उपयोगाचा वर्ग आणि गाव गुंफलेले असते. बिनॉफ लीडरशिप युमेनेस, एवढे उच्चारले की ती मुलगी कोण, कोणत्या वर्गाची, कोठली, सारे कळले. आपल्याकडे घर भाड्याने देताना 'आडनाव काय आपले?' असे गोड आवाजात विचारून जे साधतात ते तेथे नावानेच साधते. आणि ह्या सर्वांच्या खाली, नव्हे, सर्वांच्या बाहेर, 'ओरोजीन' आहेत. भूकंप शांत करण्याची शक्ती त्यांच्या अंगी जन्मतः असते. त्यांच्यावाचून एक नगर टिकावयाचे नाही. तरीही कायद्याने ते माणूस नव्हेत. त्यांना शिवी म्हणून एक वेगळा शब्द आहे, त्यांचा बाप त्यांना ठार मारू शकतो, आणि राजसत्तेने शिक्षण दिलेल्यांना माणसाचे नव्हे तर दगडाचे नाव घ्यावे लागते : सायनाइट, अलाबास्टर, फेल्डस्पार. एका प्रकरणात भूकंपरोधक ठाण्यावर खुर्चीला जखडलेले, जाणीव मारून टाकलेले एक मूल आढळते. दूरच्या शहरातील लोक सुखाने झोपावेत म्हणून. ज्यांच्या श्रमावर शहर स्वच्छ राहते त्यांना हाताने मैला साफ करावयास लावण्यास मनाई करणारे कायदे आपण 1993 साली केले, 2013 साली पुन्हा केले, आणि माणसे गटारात मरतच राहिली. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटवून काही वेळ बसून राहिलो.

हा अन्यायाचा कायदा जेमिसिनबाईंनी का केला, हे उघड आहे : तो कसा चालतो, कोणाच्या सोयीसाठी चालतो, हे दाखवावे म्हणून. आणि मोडतो कोण? बाहेरचा देवदूत नव्हे. अलाबास्टर, ओरोजीनांपैकीच एक, भूखंडच दुभंगून टाकतो. असंख्य निरपराध त्यात मरतात. संविधानाची शपथ घेऊन व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला हा मार्ग मान्य होणे शक्य नाही. पण 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडावयास सांगितले ते घटनात्मक मार्ग आता खुले झाले आहेत ह्या आधारावर, हेही विसरता येत नाही. ओरोजीनांना कोणते न्यायालय उघडे होते? लेखिका अलाबास्टरला निर्दोष सोडत नाही. त्याच्या कृत्याची किंमत ती पुढील दोन खंडभर वसूल करते. मतभेद असूनही ज्या पुस्तकाचा आदर वाटावा असे हे पुस्तक आहे.

आता यारोसबाईंकडे वळू. 'फोर्थ विंग' (2023) पासून सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेत बंडखोरांच्या मुलांच्या अंगावर एक चिन्ह उमटलेले असते. बंड केले आईबापांनी, देहान्त झाला त्यांचा. पण मुलांना सक्तीने सैन्यात धाडले जाते आणि त्यांच्यापैकी तिघे एकत्र जमले तर शिक्षा मृत्यूची. येथे वकील म्हणून माझे कान टवकारले. ज्या देशात 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि 1952 पर्यंत ते चालू ठेवले, तेथील वाचकाला हे चिन्ह दुरून पाहावे लागत नाही. पारध्यांच्या पालावर आजही रात्री पोलिसांची गाडी कशी येते ते विचारा. लेखिकेने मोठा विषय हाती घेतला होता. परंतु तिचा ओढा निराळा. नायिका सेनापतीची कन्या, नायक बंडाच्या नेत्याचा पुत्र. चिन्हांकित मुलांपैकी ज्यांचे आईबाप साधे होते ती पार्श्वभूमीला उभी आहेत. आणि नायक-नायिकेने एकमेकांजवळ राहावे ते का? तर त्यांच्या ड्रॅगनांचे जोडपे आहे म्हणून.

हा जन्मबंधाचा सोस सारा जे. मास ह्यांच्या कादंबऱ्यांत कळसास पोचला आहे. 'ए कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (2016) मध्ये नायक-नायिकेत विधिलिखित बंध असतो. बंध नाकारण्याची मुभा लेखिकेने स्त्रीला ठेवली आहे, तिने अन्न वाढले तर स्वीकार समजावा अशी रीतही घातली आहे, ते चांगले. पण हा बंध नायकाला ठाऊक असतो आणि तो तिच्यापासून लपवून ठेवतो. आपला 1955 चा हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, त्याच्या कलम 12 प्रमाणे महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळविलेल्या संमतीचा विवाह रद्द होऊ शकतो! विनोद बाजूला ठेवू. मौज ही की ज्या मुली घरी पत्रिका जुळवू पाहणाऱ्या आत्याला ठणकावून नकार देतात, त्याच ह्या ग्रहांनी नव्हे तर दैवाने जुळविलेल्या पत्रिकेवर भाळतात.

प्रेमकथेतही लेखक कायदाच करीत असतो. तेथे तो प्रेमिकांच्या मार्गातील अडथळा ठरवितो. कॉलीन हूव्हर ह्यांच्या 'इट एंड्स विथ अस' (2016) मध्ये अडथळा नवऱ्याचा हात आहे. नायिका त्याला सोडते, त्याबद्दल लेखिकेला धन्यवाद. पण तिच्या मोकळेपणाच्या दाराशी दुसरा पुरुष आधीच उभा करून ठेवला आहे, ते नसते तर बरे. मुंबईकडून अमेरिकेत गेलेल्या सोनाली देव ह्यांच्या 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (2019) मध्ये कॅलिफोर्नियातील राजे कुटुंबाची डॉक्टर मुलगी आणि एक कृष्णवर्णीय आचारी ह्यांची प्रीती आहे. वर्ण आणि वर्ग ह्यांविषयी लेखिका धीटपणे लिहिते. राजघराणे मात्र शोभेचे. त्याच कॅलिफोर्नियात 2023 साली जातीय भेदभावास स्पष्ट मनाई करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून परत पाठविले. समुद्र ओलांडताना आपण सामानात काय काय बांधून नेले, ते त्या वादात साऱ्या जगाने पाहिले. राजे मंडळींच्या दिवाणखान्यात ते सामान उघडलेले दिसत नाही.

आमच्याकडच्या प्रेमकथाकारांना अडथळा शोधावयास ड्रॅगनांची गरज नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत फलकावर लागते आणि तीस दिवसांत कोणीही इसम हरकत घेऊ शकतो. त्या फलकासमोर उभी असलेली मुलगी, मागे वळून जिन्याकडे पाहत असलेली, मी अनेकदा पाहिली आहे. कादंबरीत क्वचित.

एका कादंबरीत मात्र मला ती भीती सापडली. पेरुमाळ मुरुगन ह्यांची तमिळ कादंबरी 'पूक्कुळि' 2013 ची. 'पायर' ह्या नावाने इंग्रजीत आली आणि 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत तिची निवड झाली. कुमरेसन सरोजाशी लग्न करून तिला गावी आणतो आणि गाव तिला विचारत राहते : तू कोणाची? ती उत्तर देत नाही. लेखकही देत नाही. सरोजाची जात शेवटपर्यंत कोठेही लिहिलेली नाही. काहींना ही पळवाट वाटली. मला तसे वाटत नाही. कारण वाचता वाचता आपणच तिची जात ओळखू पाहतो, तिच्या रंगावरून, तिच्या शहरी बोलण्यावरून, आणि पन्नास-साठ पानांनंतर ध्यानात येते की सासूच्या अंगणात जमलेल्या बायकांच्या घोळक्यात आपणही उभे आहोत. बाहेर काटेरी झुडपांना आग लागलेली असते.