छातीतला चहाडखोर

आमचे नाना आयुष्यात फारसे खोटे बोलले असतील असे मला वाटत नाही. सारी हयात त्यांनी पोस्टाच्या खात्यात काढली आणि पैशा-पैशाचा हिशेब चोख ठेवला. पण यंदा ऑगस्टमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते डॉक्टरांशी चक्क खोटे बोलले आणि त्यांच्याच छातीतल्या यंत्राने त्यांना उघडे पाडले!

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' असे निदान सांगितले, तेव्हा आमच्या घरी रडारड झाली. आपल्या बोलण्यात 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हृदय दमले, रक्त पुरेशा जोराने ढकलीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात शब्दार्थ सांगणाऱ्या मला हा अर्थ औषधाच्या चिठ्ठीवरून शिकावा लागला. पुढे नानांच्या गळ्याच्या हाडाखाली एक चपटे यंत्र बसले. त्याच्या तीन तारा हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूंना एका तालावर आणतात.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. काही तासांत तो बंद पडला. लार्सन मात्र वीसाहून अधिक यंत्रे पालटीत २००१ सालापर्यंत जगले. त्या यंत्राला ठोके देण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. आताच्या यंत्राला हालचाल कळते. माणूस चालू लागला की ठोके वाढवावेत, हा मूळ हेतू. पण कळलेले लिहून ठेवण्याचीही त्याला खोड! माणूस दिवसातून किती वेळ हिंडता-फिरता होता, याची नोंद ते महिनोन्‌महिने ठेवते.

"काय नाना, फिरणे चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज! सकाळ-संध्याकाळ!"

डॉक्टरांनी नोंदी पडद्यावर घेतल्या. मेअखेरपर्यंत रेघ रोजच्या अडीच तासांच्या आसपास होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती उतरत उतरत पाऊण तासावर आली होती. नाना छताकडे पाहू लागले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नानांच्या पायावर बोट दाबले, तर खड्डा पडला. वजन तीन किलोंनी वाढलेले. नाना भरले म्हणून आम्ही खूश होतो. ते अंगात साठलेले पाणी निघाले! धाप लागू नये म्हणून असा रोगी आपल्याही नकळत हालचाल आवरती घेतो आणि विचारले तर 'बरा आहे' म्हणतो. म्हणून ही रेघ पाहायची, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाणी उतरवणारी गोळी वाढवली.

"खोटे का बोललात?" मी रिक्षात विचारले.

"अरे, एवढा भला माणूस. त्याला वाईट वाटले असते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्या डबीला तरी काय कळते?"

त्यांचे अगदीच चूक नव्हते. बसून तासभर भाजी निवडली तर या यंत्राच्या लेखी माणूस स्वस्थ. जुन्या काही यंत्रांना तर जिना चढण्यापेक्षा उतरण्यातच श्रम अधिक वाटत, कारण उतरताना पाय आदळतात!

पण जूनचा तो दुसरा आठवडा माझ्या डोक्यातून जाईना. रात्री कॅलेंडर पाहिले. नानांचे फिरण्यातले सोबती, शेजारचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर, त्याच आठवड्यात मुलाकडे नाशिकला कायमचे राहायला गेले होते. त्यांची ट्रंक एसटीत मीच चढवली होती. घरी येऊन मी पेपर तपासायला बसलो. नाना त्या संध्याकाळी बाहेर पडले की नाही, हे मी पाहिले नव्हते. पाणी आधी साठले की पाय आधी थांबले, कोण जाणे!

हल्ली सकाळी सहाला मीच त्यांच्याबरोबर निघतो. नाना माझ्या कॉलेजातल्या भानगडी मोठ्या चवीने ऐकतात आणि देवळाच्या ओट्यावर दोनदा टेकतात. परवा थोडे जास्त चालणे झाले. फाटकाशी येताच त्यांनी सदऱ्यावरून छातीला हात लावला आणि हळूच विचारले,

"आजचे लिहिले असेल ना रे त्याने?"