धोट्याचा विटाळ

हातमागाच्या वर्गात हल्ली सांगतात, विणकाम म्हणजे ध्यान. असेल बुवा! पण मुंबईच्या गिरण्यांत कांडी बदलताना विणकर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घेई. एवढ्यावरून जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कौशल्य नव्हतं म्हणून? विदर्भातले महार तर पिढ्यानपिढ्या जाडंभरडं कापड विणत होते! अडवणारे फक्त मालक नव्हते, शेजारचे सवर्ण कामगारही होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तरुणांनो, अशा वर्गांत जरूर जा, माग शिका. आणि धोटा हातात आला की शिकवणाऱ्यांना विचारा, ही गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात का नाही?