पुलाला माळी हवा

मेघालयाच्या दक्षिण उतारावर, चेरापुंजीच्या खालच्या दऱ्यांत खासी आणि जयंतिया गावकरी पूल बांधत नाहीत, वाढवतात. वडाच्या कुळातल्या रबराच्या झाडाच्या कोवळ्या पारंब्या बांबूच्या सांगाड्यावरून किंवा पोफळीच्या पोखरलेल्या खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात आणि तिथल्या मातीत रुजवतात. मुळं धरली की पारंबी जाड होऊन भार पेलू लागते. एकमेकींवर घट्ट दाबून बांधलेल्या पारंब्या तर हळूहळू एकजीवच होतात. जिथे लोखंड गंजतं आणि लाकूड कुजतं, त्या पावसात हे पूल वर्षागणिक बळकट होत जातात. मात्र त्यामागे माणसाचा हात सतत असतो. नवी पारंबी दिसली की कुणीतरी ती वेळीच वळवून जाळ्यात गुंफतं. ‘सजीव’ बांधकामाची आज जी चर्चा चालते, तिच्यातून नेमका हा हात गळून पडतो, असं माझं मत आहे. हॅम्बुर्गमध्ये 2013 साली उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या दर्शनी भिंतींवर काचेची 129 तावदानं आहेत आणि त्यांत शेवाळ वाढतं. त्यातून उष्णता आणि जैवभार मिळतो, पण ते शेवाळ खेळतं ठेवावं लागतं, काढावं लागतं. ती भिंत एका अर्थी शेतच आहे.

मुळांचा पूल वापरात यायला दोन-तीन दशकं लागतात, शहराला इतका धीर कुठला, हा आक्षेप रास्त आहे. पण खासी माणूसही तोवर अडून बसत नाही. मुळं तयार होईपर्यंत तो बांबूवरून ये-जा करतो आणि बांबू कुजला की बदलतो. दुसरा आक्षेप ताकदीच्या हमीचा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील फर्डिनांड लुडविग आणि सहकाऱ्यांनी 2019 साली अशा 74 पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हे पूल मोजता येतात, नोंदवता येतात. फक्त ही मोजणी एकदा करून भागत नाही, कारण पूल बदलत राहतो. खरी अडचण आपल्या निविदांत आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला, दोषदायित्वाची मुदत संपली की कंत्राटदार मोकळा. झाडाला पूर्णत्वाचा दाखला कोण देणार? म्हणून हिरव्या भिंती किंवा सजीव बांध मागणाऱ्या पालिकेने आधी त्यांची निगा राखणाऱ्यांची कायम पदं आणि त्यांचा वार्षिक पगार अंदाजपत्रकात दाखवावा. हा खर्च परवडत नसेल, तर ते काम हाती घेऊ नये.